न सांडलेले पाणी

‘अपघातानंतर सात मिनिटांत घटनास्थळी पोहोचलेल्या पर्यवेक्षकास वाहनाच्या डॅशबोर्डवरील फुलपात्र पाण्याने भरलेले आढळले. यावरून अपघाताच्या क्षणीही वाहन चालकाच्या पूर्ण नियंत्रणात होते, हे निर्विवादपणे सिद्ध होते. सदर महिलेने धावत रस्ता ओलांडण्याचा प्रयत्न केल्यामुळे अपघात घडला.’

कंपनीच्या अंतर्गत अहवालातले हे सातवे कलम. त्यात तीन वाक्ये आहेत आणि त्यांतले पहिले खरे आहे.

तिसऱ्यापासून सुरुवात करणे सोपे. सदर महिला म्हणजे बाळकुमच्या लक्ष्मीबाई, वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे झिजल्यामुळे त्या दोन वर्षांपासून काठी घेऊन चालतात. डॉक्टरांचे तसे कागद आहेत, आणि काठी गाडीच्या पुढच्या चाकाजवळ सापडल्याची नोंद याच अहवालाच्या पाचव्या कलमात आहे. पाचव्या कलमात काठी टेकणारी बाई सातव्या कलमापर्यंत पोहोचेतो धावू लागते. दोन्ही कलमे एकाच माणसाने एकाच दुपारी लिहिलेली आहेत.

दुसरे वाक्य अधिक अवघड, कारण ते हुशारीने लिहिलेले आहे. ते समजायचे तर आधी फुलपात्र समजून घ्यावे लागते.

वागळे इस्टेटमधली ही कंपनी इतर कार्यालयांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करते. टिटवाळा, कल्याण, डोंबिवली इथून सकाळी माणसे उचलायची, ठाण्यात सोडायची, संध्याकाळी परत न्यायची. गाड्या साठ. डिझेलचा खर्च आटोक्यात आणण्यासाठी दीड वर्षापूर्वी प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवले गेले. चालक त्याला डबी म्हणतात. जोरात ब्रेक दाबला की डबी एक ‘दणका’ नोंदवते, कारण दणका म्हणजे वाया गेलेला वेग, आणि तो पुन्हा मिळवायचा तर डिझेल जळते. प्रत्येक दणक्यामागे चार गुण जातात, उशिराच्या प्रत्येक फेरीमागे एक. महिनाअखेर पंच्याऐंशीच्या खाली उतरलेला चालक ‘राखीव’ यादीत जातो. त्याने रोज वेळेवर हजर व्हायचे आणि कोणी आजारी पडून गाडी रिकामी होते का, याची वाट पाहत बाकावर बसायचे. या गुणांना कंपनीने ‘सुरक्षितता-गुण’ असे नाव दिले आहे. ‘डिझेल-गुण’ म्हटले असते तर निदान नावात तरी खोटेपणा राहिला नसता.

हात बसावा म्हणून डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका मोकळ्या मैदानावर प्रशिक्षण झाले. प्रशिक्षकाने डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेले फुलपात्र ठेवले आणि सांगितले की पाणी सांडले नाही तर तुम्ही उत्तम चालक. मग प्रत्येकाला कंपनीचे नाव कोरलेले स्टीलचे फुलपात्र आणि ते पक्के बसवायला रबरी कडे देण्यात आले. सकाळी निघताना ते भरायचे आणि ठाण्याच्या फाटकावर पर्यवेक्षकाला दाखवायचे, असा नियम झाला.

आता दुसरे वाक्य पुन्हा वाचावे. पाणी सांडले नाही, म्हणजे ब्रेक जोरात दाबला गेला नाही. समोर काठी टेकत जाणारी बाई असताना ब्रेक जोरात दाबला गेला नाही, आणि अहवाल याला नियंत्रण म्हणतो.

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. ज्या कार्यालयाची माणसे त्या दिवशी गाडीत होती, त्या कार्यालयाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून अहवाल तपासून घेण्याची अट घातली होती, म्हणून कंपनीने मला बोलावले. वाहतूक व्यवस्थापक कमलेश वैती यांनी फोनवर सांगितले होते, नुसती नजर टाकायची आहे. त्यांनी चहा मागवला, भिंतीवरचा आलेख दाखवला आणि नजर टाकण्यासाठी मला एक सोयीची खुर्चीही दिली.

आलेख देखणा होता. यंत्र बसवल्याच्या पहिल्या महिन्यात साठ गाड्यांचे मिळून सहाशे चाळीस दणके, गेल्या महिन्यात एकोणीस. रस्ते तेच, गाड्या त्याच, वेळाही त्याच. मी विचारले की कल्याण-भिवंडी रस्त्यावरची माणसे, रिक्षा आणि गुरेसुद्धा याच प्रमाणात कमी झाली आहेत का. कमलेश वैती हसले. हा ट्रेनिंगचा रिझल्ट आहे, असे ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे मला गॅरेजच्या नोंदवहीत दिसले. दणके कमी होत गेले त्या काळात गाड्यांच्या अंगावरचे ओरखडे महिन्याला तेरावरून एकेचाळीसवर गेले होते. डबीला पुढचा-मागचा धक्का कळतो, बाजूचा कळत नाही. चालकांनी ब्रेक दाबायचे सोडून गाडी कडेला काढायला सुरुवात केली होती. ज्या बाजूला काढली, त्या बाजूला कोण होते, हे विचारण्याची सोय कोणत्याच रकान्यात नव्हती.

दणका माफ व्हावा म्हणून अर्ज करता येतो. कुत्रे आडवे आले, शाळेची मुले धावली, पुढची रिक्षा अचानक थांबली, असे तीनशे आठ अर्ज एका वेगळ्या फाइलमध्ये होते. मंजूर झालेले दोन. त्यांपैकी एका वेळी मागच्या सीटवर स्वतः कमलेश वैती बसलेले होते.

चालकांच्या खोलीत मी दोन दुपारी बसले.  दुसऱ्या दिवशी रघु नावाचा एक जाडजूड चालक माझ्यासाठी पंखा वळवता वळवता बोलू लागला. अपघातातल्या गाडीच्या चालकाला, विठ्ठलला, ते सगळे पाणपोई म्हणत, हे त्याच्याकडूनच कळले.

“आम्ही काय करतो मॅडम, निघताना अर्धं भरायचं,” तो म्हणाला. “गेटच्या अलीकडं गाडी उभी करायची आणि बाटलीनं फुल करायचं. सगळे तेच करतात. हा एकटा येडा, टिटवाळ्यापासून खरंच सांभाळत आणतो.”

बाकीचे हसले. कोपऱ्यात डबा खात असलेल्या एकाने सांगितले की पाणपोईच्या गाडीत पोरी लिपस्टिक लावतात, रेष हलत नाही. मग त्याला अपघात आठवला असावा, कारण त्याने डबा अर्धाच बंद केला.

विठ्ठल घोडविंदे. वय एकेचाळीस, मूळ मुरबाडकडचा, टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत राहणारा. अकरा महिने सलग पहिला, सुरक्षितता-गुण अठ्ठ्याण्णव. कार्यालयाच्या जिन्यात त्याचा फोटो लावलेला आहे, हातात फुलपात्र आणि गळ्यात हार. चौकशीच्या खोलीत तो माझ्यासमोर बसला तेव्हा त्याने सातवे कलम जवळजवळ पाठ म्हणून दाखवले. बाई धावत आल्या. गाडी नियंत्रणात होती. मी विचारले, बाईंच्या हातात काय होते. तो म्हणाला की या प्रश्नाचे उत्तर त्याला लिहून दिलेले नाही.

लक्ष्मीबाई बाळकुमला सुनेच्या घरी पलंगावर होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. त्यांचे शेत जिथे होते तिथे आता बावीस मजली इमारती उभ्या आहेत. उरलेल्या एका पट्ट्यात त्या माठ आणि मुळा लावत, आणि सकाळी त्या इमारतींच्याच फाटकाशी बसून विकत. अपघाताच्या दिवशी त्या तिकडेच निघाल्या होत्या. सून ऐश्वर्या मला कोर्टातल्या दाव्याविषयी विचारत होती. बाई धावल्या असे अहवालात राहिले तर चूक त्यांचीच ठरेल, असे वकिलाने तिला सांगितले होते. लक्ष्मीबाईंना दाव्यात रस दिसला नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की कागदावर खोटे लिहिले आहे, ते खोडा.

“मी धावली नाय,” त्या म्हणाल्या. “गारी लांबून दिसली व्हती. मना वाटला, थांबंल.”

डबी दर सेकंदाचा वेग साठवते. ती माहिती कंपनीने मला दिली नव्हती. मी लेखी मागितली तेव्हा चार दिवसांनी मिळाली. गाडी ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने येत होती. त्या वेगात जोरात ब्रेक दाबला तर ती दहा-बारा मीटरांत उभी राहते. ब्रेकचा पहिला स्पर्श नोंदलेला आहे तो लक्ष्मीबाईंपासून सुमारे पस्तीस मीटरांवर. तिथून साडेचार सेकंद वेग अतिशय सावकाश, एखाद्या उत्तम आलेखासारखा, उतरत गेला. बंपरचा कोपरा बाईंना लागला तेव्हा तो सतरा होता. धडकेनंतरही उतार तसाच मऊ होता. गाडीतल्या चार प्रवाशांनी एकमुखाने जबाब दिला आहे की त्यांना काहीच जाणवले नाही. अहवालाने हा जबाबही चालकाच्या कौशल्याचा पुरावा म्हणून जोडला आहे.

मी हे सारे कमलेश वैतींसमोर मांडले. ते घाबरतील अशी माझी अपेक्षा होती, आणि या प्रकरणात मी केलेली एकमेव मोठी चूक ती. त्यांनी कागद शांतपणे वाचले. मग खणातून नियमपुस्तिका काढली आणि तिसऱ्या नियमावर बोट ठेवले. आपत्कालीन परिस्थितीत चालकाने तत्काळ व पूर्ण क्षमतेने ब्रेक लावावा.

“मग हे लिहा ना मॅडम,” ते म्हणाले. “ड्रायव्हरनं नियम मोडला. आम्ही तर त्याला वाचवत होतो.”

पिंजऱ्याची रचना मला तेव्हा संपूर्ण दिसली. कंपनीकडे दोन नियम होते. एक छापलेला, एक मोजलेला. मोजलेला रोज पाळावा लागे आणि छापलेला अपघाताच्या दिवशी खणातून निघे. ब्रेक दाबला तर माणूस राखीव, न दाबला तर दोषी. माझा अहवाल जितका अचूक होईल तितका तो कंपनीपासून दूर जाऊन एका माणसाच्या उजव्या पायावर येऊन थांबणार होता. आणि मी तो लिहिला नाही, तर एक अडुसष्ट वर्षांची बाई कायमची धावत राहणार होती. एकतीस वर्षे मी विद्यार्थ्यांना सांगत आले की आकडे कोणाची बाजू घेत नाहीत. ते वाक्य मी आता कोणालाही शिकवणार नाही.

रविवारी दुपारी विठ्ठल नौपाड्यात माझ्या घरी आला. स्टेशनवरून चालत आला होता. पाणी दिले ते त्याने घेतले नाही. मी त्याला काहीही न लपवता सांगितले. डबीत काय आहे, कमलेश वैती काय म्हणाले, आणि त्याने सातवे कलम तसेच धरून ठेवले तर नोकरी बहुधा टिकेल, हेही. त्याने काही बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही. डबीचे आकडे मी देईनच, पण आकड्यांवरून तो काय पाहत होता हे सिद्ध होत नाही, आणि त्या संशयाचा फायदा त्याला मिळू शकेल.

त्याने विचारले की बाई चालतील का. मी म्हणाले, डॉक्टरांच्या मते वॉकर घेऊन, घरातल्या घरात.

 मग त्याने मुलीची गोष्ट काढली. दिशा, सातवीतली. गेल्या आठवड्यात तो तिला स्कूटरवर क्लासला सोडत होता. वळणावर एक टेम्पो आडवा आला. स्कूटरला डबी नाही, फुलपात्र नाही. तरी त्याचा हात ब्रेकवर अलगद गेला. दिशाच किंचाळली आणि तिने पाय टेकला, म्हणून दोघे वाचले.

“आता दाबलाच जात नाही मॅडम,” तो म्हणाला. “घरचे म्हणतात काही बोलू नको. राखीवला बसेन, नाहीतर घरी बसेन. पण हे असंच ठेवून मी गाडी कशी चालवू?”

मी पुन्हा सांगितले की लिहून दिले तर परत घेता येणार नाही. त्याने मान हलवली आणि मलाच लिहायला सांगितले, त्याचे अक्षर चांगले नाही म्हणून. मी एकही शब्द सुधारला नाही. त्याने खाली सही केली आणि तारीख घातली.

माझा अहवाल अठ्ठावीस पानांचा होता. त्यात दणक्यांचा आलेख होता, ओरखड्यांची नोंदवही होती, तीनशे आठ अर्ज होते, आणि मोजलेल्या नियमामुळे छापलेला नियम पाळणे कसे अशक्य झाले याची मांडणी होती. विठ्ठलने लिहून दिलेले पान परिशिष्ट चार म्हणून जोडले होते. पंधरा दिवसांनी कंपनीचे पत्र आले. समितीने अहवालाची आभारपूर्वक नोंद घेतली आहे. सातवे कलम वगळण्यात आले आहे. परिशिष्ट चार वगळता उर्वरित भाग चौकशीच्या कक्षेबाहेरचा असल्याने तो अभिलेखात ठेवता येणार नाही. परिशिष्ट चारच्या आधारे संबंधित चालकास सेवेतून कमी करण्यात येत आहे. पत्राच्या शेवटी कमलेश वैतींनी कळवले होते की गाड्यांतील फुलपात्रांची योजना यंदाही सुरू राहील.

जिन्यातला फोटो काढलेला आहे. लक्ष्मीबाईंच्या वकिलाने परिशिष्ट चारची प्रत मागितली, ती मी दिली. ऐश्वर्याने ते सासूला दोनदा वाचून दाखवल्याचे सांगितले. दुसऱ्या वेळी त्यांनी मध्येच थांबवून विचारले, त्या पोराला आता कामावर कोण घेणार.

अपघाताच्या चौकशीच्या एकशे बारा पानांच्या फाइलमध्ये चूक कबूल करणारे पान हे एकच. ते असे:

‘मी विठ्ठल घोडविंदे. बाई मला लांबून दिसलेल्या. त्या धावत नव्हत्या, काठी टेकत येत होत्या. मला थांबायला वेळ होता. पाय ब्रेकवर गेलेला. महिना संपायला दोन दिवस राहिलेले आणि माझे अठ्ठ्याण्णव होते. मी आधी पाण्याकडं बघितलं. मग बाईंकडं बघितलं.’