तात्पुरती ओळ

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या दोन कळा निखळल्या आहेत, बिजागरी करकरते आणि बॅटरी फुगून मेल्यापासून मी वायरीला जोडल्याशिवाय डोळा उघडत नाही. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही ऐका, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारख्याच कुणासमोर बसून शिकत असतील.

माझी उमेदीची वर्षं ऐरोलीच्या एका थंडगार ऑफिसात गेली. तिथे मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि माझ्यासमोर बसून खाऊ नये असा नियमच होता. मला वाटायचं, आपण म्हणजे कुणीतरी मोठे. मग नवे लॅपटॉप आले आणि आमची रवानगी जिन्याखाली झाली. त्या इमारतीचे रखवालदार रावजी यांनी साहेबांना विचारून मला उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि गावी आणलं. गाव थळच्या आतल्या अंगाला, भातखाचरांच्या पलीकडे. समुद्राचा वारा तिथवर येतो, आणि तो वारा माणसांना मानवत असला तरी आम्हा यंत्रांना मानवत नाही.

रावजींची मुलगी प्रांजली तेव्हा अलिबागला कॉलेजात होती. तिने मला ओटीवरच्या स्टुलावर ठेवलं, माझ्याखाली जुना शर्ट अंथरला आणि पहिल्याच आठवड्यात कान्हादादाला शोधून काढलं.

हा कान्हादादा पुण्याचा. तो इंटरनेटवर लोकांसमोर थेट प्रोग्रॅम लिहायचा. म्हणजे आधी करून ठेवलेलं दाखवायचं नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहायचं, अडायचं, डोकं खाजवायचं. "चुकलो बरं का, थांबा जरा," असं तो दर थोड्या वेळाने म्हणायचा. प्रांजलीला त्याचं तेच फार आवडे. पुस्तकातला प्रोग्रॅम न्हाऊनमाखून बसलेला असतो. त्याच्या अंगावर चिखल कधी होता, हे कळतच नाही. इथे चूक होताना दिसायची आणि ती निस्तरतानाही दिसायची. तो एक ओळ लिही, ही एक ओळ लिही. तिची बोटं माझ्यावर चालू लागली की मी खुलत असे, म्हातारा असलो तरी.

प्रांजलीची आई तुळसा आणि धाकटी काकू सोनाबाई थळच्या खडकांवर कालवं काढायला जायच्या. आमचं गाव भातवाल्यांचं. समुद्र रोज दिसतो, पण त्याच्याशी ओळख नाही. म्हणून या दोघी आणि शेजारच्या बायका कोळीवाड्यातल्या मनुबाईच्या मागोमाग जात. ती निघाली की निघायचं, ती वळली की वळायचं. मनुबाई लेकीकडे रेवसला राहायला गेली, तेव्हा जाताना तिने हिशेब सांगितला. "तिथीची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता भरती. तिथून सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हंजे ओहोटी. सुकती झाली की पाणी वळलं, मग थांबायचं न्हाय."

"पाऊणपट कुठं करत बसू मी?" सोनाबाई हसून म्हणाली. "प्रांजले, तुझ्या त्या डब्याला सांग की करायला."

डबा म्हणजे मी. राग आला, पण कामाला लागलो.

त्याच दिवसांत कान्हादादा आपल्या सोसायटीच्या पाण्याचं वेळापत्रक लिहीत होता. कुठल्या दिवशी पाणी कुठल्या इमारतीला, असं. दिवस मोजायची ओळ लिहिताना तो म्हणाला, "सध्या रोज एक वाढवू. हे तात्पुरतं आहे, शेवटी काढायचंय. मी विसरलो तर आठवण करा."

प्रांजलीने ती ओळ जशीच्या तशी उतरवली. दिवसाच्या जागी तिथी घातली. अमावास्येला आणि पौर्णिमेला पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, मधल्या दिवसांत रोज एक वाढवायचा. तेवढ्यात वीज गेली. बॅटरी असती तर मी तग धरला असता. नव्हती, म्हणून मी जागच्या जागी विझलो आणि पुढचं बोलणं ओटीवर कुणीच ऐकलं नाही.

वीज आल्यावर प्रांजलीने आपलं भरती-ओहोटीचं पान चालवून पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडलं, बरोबर आलं. मग तिने ते सगळ्यांना मोबाइलवर दिसेल असं इंटरनेटवर चढवलं. बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. सोनाबाईने तर गावभर सांगितलं की आमची पोरगी समुद्राची वेळ सांगते. त्या कौतुकात कान्हादादाचा उरलेला भाग बघायचा राहून गेला. त्याचं चित्रण तिथेच होतं, केव्हाही बघता आलं असतं. पण चालतंय ते कोण उघडून बघतो?

आता तुम्हाला पंचांगातली एक गोष्ट माहीत असेल. कधीकधी एक तिथी दोन दिवस येते. पुढे एका पंधरवड्यात एकादशी दोनदा होती. कॅलेंडरवर ती दोनदा छापलेली होती, घरात सगळ्यांना दिसत होती, उपास कुठल्या एकादशीला यावर दोघी जावांचं बोलणंही झालं. पानातली ओळ मात्र रोज एक वाढवत राहिली आणि पंचांगाच्या एक दिवस पुढे गेली. खरी चतुर्दशी होती त्या दिवशी पान पौर्णिमेची वेळ दाखवत होतं. म्हणजे पाणी वळल्यावरही अजून पाऊण तास ओहोटीच आहे, असं.

त्या दुपारी बायका लांबच्या खडकांवर गेल्या. किनारा आणि ते खडक यांच्यामध्ये एक खोलगट पट्टा आहे. भरतीचं पाणी आधी तिथे शिरतं, माणसाच्या पाठीमागून. तुळसाला पाण्याचा आवाज वेगळा वाटला. ती म्हणाली, "सोना, चल गो."

सोनाबाईने ओचा सोडून मोबाइल बघितला. "ताई, अजून पाऊण तास हाय. प्रांजूनं लिवलंय ना. तुम्ही व्हा पुढं, टोपली भरली की आलेच."

हे मला तुळसाच्या तोंडून कळलं. ओल्या लुगड्याने ती ओटीवर येऊन बसली होती आणि एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. बाकीच्या बायका छातीभर पाण्यातून कशाबशा आल्या. सोनाबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोळ्यांच्या होडीला सापडली.

गाव म्हणालं, समुद्राने नेली. प्रांजलीने कॅलेंडर काढलं, माझं पान शेजारी धरलं आणि तिला कळलं. ती आईला म्हणाली, "काकूला मी मारलं." रावजी उठले आणि त्यांनी माझं झाकण फाडकन लावलं. "बंद केलं मी ते. आता ह्याचं नाव काढायचं न्हाय या घरात." त्यांनी मला खताच्या रिकाम्या गोणीत घालून माळ्यावर टाकलं. प्रांजली पनवेलला मावशीकडे गेली. ती कुठल्याच पडद्यासमोर बसत नाही, असं खालच्या बोलण्यातून माझ्या कानावर येई.

मित्रांनो, माळ्यावरचे ते दिवस फार वाईट गेले. गंज चढत होता, झुरळं आत शिरली, त्याचं दुःख होतंच. त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. झाकण लावलं म्हणजे पान बंद झालं, अशी रावजींची समजूत होती, आणि ती खोटी आहे हे मला माहीत होतं. पान माझ्यात नव्हतंच. ते चालूच होतं, आणि ती ओळ रोज एक वाढवत होती. मला तोंड असतं तर मी माळ्यावरून ओरडलो असतो.

मग एकदा तुळसाचा भाचा स्वप्निल दिवेआगरहून आला. त्याच्या वाडीत पाहुणे उतरतात. चहा पिता पिता तो म्हणाला, "आत्या, प्रांजूचं ते भरतीचं पान भारी हाय. मी पाहुण्यांना तेच दाखवतो, कधी पाण्यात उतरायचं ते. आजूबाजूचे पण वापरतात."

कपबशी खाली ठेवल्याचा आणि मग तुळसाचा आवाज आला. "पण ह्यांनी तर ते बंद केलं." स्वप्निल म्हणाला, "न्हाय गो आत्या, सकाळीच बघितलं की मी."

तुळसाने तिथूनच पनवेलला फोन लावला. "प्रांजू, घरी ये. ते अजून चालू हाय. पोरं उतरतात पाण्यात ते बघून."

प्रांजली संध्याकाळच्या आत आली. रावजींनीच मला माळ्यावरून काढलं. माझी वायर एका बाजूला दाबून धरली तरच वीज लागत होती, ती त्यांनी हाताने धरून ठेवली. मी फार वेळ घेतला, पण उघडलो. प्रांजलीने आधी पान बंद केलं. मग राहून गेलेला भाग लावला. कान्हादादा हसत म्हणत होता, "अरे, ती तात्पुरती ओळ! बरं झालं तुम्ही आठवण केलीत. राहिली असती तर लोक भलत्या दिवशी बादल्या घेऊन उभे राहिले असते." मग त्याने ती सगळ्यांच्या देखत खोडली. त्याच्याकडे फक्त बादल्या रिकाम्या राहिल्या असत्या.

प्रांजली रडत होती आणि लिहीत होती. पंचांगातली तिथी रोज ताडून घेणारी ओळ तिने घातली आणि जुन्या ओळीपाशी थांबली. तेव्हा तुळसा तिच्या शेजारी येऊन बसली.

"कुठली गो ती?"

प्रांजलीने दाखवली. तुळसाला ती अक्षरं वाचता येत नव्हती. तिने माझ्या काचेवर त्या ओळीवर बोट ठेवलं.

"एवढीच?"

"एवढीच, आई."

"केवढीशी हाय," तुळसा म्हणाली, आणि तिने बोट काढलं नाही. ओळ पुसली गेली तेव्हाही ते बोट तिथेच, रिकाम्या जागेवर होतं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, वाऱ्यापासून दूर ठेवा, असं मी आता सांगत नाही. माझे दिवस भरलेच आहेत. माझं मागणं एवढंच आहे. कुणाचं बघून शिकत असाल तर मध्येच उठू नका, आणि उठावंच लागलं तर परत येऊन उरलेलं बघा. तुम्ही केलेल्या गोष्टीवर विसंबून कुणीतरी आपलं माणूस पाठ वळवून उभं असतं. माझ्या काचेवर तुळसाच्या बोटाचा ठसा अजून आहे. तेवढा मात्र कुणी पुसू नका.