दोन बोटांची फट

भागीदारी ठरली, चहा झाला, एकमेकांना शुभेच्छा देऊन झाल्या आणि सुताराची झोप उडाली.

काम बाळांच्या खाटांचं होतं. प्रसूतिगृहाला खाट आणि गादी एकाच ठिकाणाहून हवी होती. सुताराला गादी भरता येत नव्हती, गादीवालीला रंधा धरता येत नव्हता. हे काम हातचं गेलं तर सुताराला आपल्या दोन्ही कारागिरांना घरी बसवावं लागणार होतं. म्हणून दोघं एकत्र आले. एकत्र म्हणजे आपलं म्हणायचं तेवढं.

परवाच गादीवाली आपल्या दुकानाच्या दारात खालच्या गल्लीतल्या सुताराशी बोलत होती. आपला सुतार दिसताच गप्प झाली. शिवाय तिची कापसाची खोली कायम बंद. विचारलं की म्हणायची, "पसारा आहे हो आत." पसारा कोणाकडे नसतो? पण दार लावून कोण बसतं? सुताराच्या डोक्यात किडा वळवळू लागला.

मग त्याने एक शहाणपणा केला. गादीच्या मापाची लाकडी पट्टी तिला द्यायची होती, ती त्याने दोन बोटं आखूड कापली. माप त्या दुसऱ्या सुताराकडे गेलंच, तर त्याची खाट फसावी. प्रसूतिगृहाशी करारावर सह्या झाल्या की खरी पट्टी द्यायची, असा बेत.

कापलेला तुकडा नेमका अक्काच्या हाती लागला. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. कारखान्यातलं पॉलिशचं काम तीच बघायची. त्याने जरा फुशारकीनेच सगळं सांगितलं.

"तुला भागीदार हवा होता की आरोपी?" अक्का म्हणाली. "शंका असेल तर तोंडावर विचार, नाहीतर काम सोडून दे. मापात कसली लबाडी करतोस? त्या मापावर बाळ झोपणार आहे."

"सह्या होऊ देत गं, मग सांगतो."

"आणि त्याआधीच नमुना मागितला तर?"

"एवढी घाई कोणाला पडलीय?"

घाई प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंना पडली होती. सह्यांच्या आधीच नमुना घेऊन या, असा निरोप आला. तोवर त्या आखूड पट्टीवरून गादी शिवून तयारही झाली होती. आता खरं सांगायला सुताराची जीभ रेटेना. बघू तिथे काय होतं ते, म्हणत तो गेला.

मेट्रनबाईंनी खाट हलवून पाहिली, गादी दाबून पाहिली. मग गादी आणि लाकडाच्या मधे बोटं घातली. ती सरळ तळापर्यंत गेली.

"इथे बाळाचा हात अडकला तर? नाक दाबलं गेलं तर?"

 अक्का सांगत होती ते आत्ता सुताराच्या टाळक्यात शिरलं.

गादीवाली पुढे झाली. "चूक आमची आहे, बाई. मापात माझ्याकडूनच गडबड झाली असेल. दोघं मिळून दुरुस्त करून आणतो."

आमची! जिच्या पाळतीवर तो इतके दिवस होता, ती त्याची बाजू सावरत होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"यांची चूक नाही," तो म्हणाला. "पट्टी मीच आखूड दिली. मुद्दाम."

मेट्रनबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "उद्या पुन्हा आणा. माझं बोट आत गेलं, तर मी दुसरं दुकान बघेन."

बाहेर आल्यावर सुताराने त्या दुसऱ्या सुताराबद्दल एकदाचं विचारलंच.

"तो होय? दाराची बिजागरी बसवायला आला होता."

"मग मला का नाही बोलावलंत, ताई? मीही सुतारच आहे की."

गादीवाली ओशाळली. "तुम्ही आला असता, तर आतला कापूस दिसला असता. कुठून आणते ते कळलं असतं. मला वाटलं, उद्या तुम्ही स्वतःच गाद्या भरायला लागाल."

दोघंही हसले, पण मनापासून कोणालाच हसू येत नव्हतं. मग तिने कापसाची खोली उघडली, त्याने खरी पट्टी आणली आणि दोघांनी एकाच टेबलावर नवी गादी बेतली.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी चारही बाजूंनी बोट घालून पाहिलं. ते कुठेच शिरलं नाही.

मंडळी, भागीदाराबद्दल शंका येणं हा काही गुन्हा नाही. ती मोकळेपणी विचारावी. पोटात ठेवून मालात उतरवली, तर भागीदाराचं काही बिघडत नाही, भोगावं लागतं त्या मालावर विसंबणाऱ्याला. सुताराने तो दोन बोटांचा तुकडा अजून फेकलेला नाही. प्रत्येक खाट बाहेर पडण्याआधी अक्का तो त्याच्या हातात देते आणि म्हणते, "घालून बघ, जातोय का."