थावराची हजेरी

"थावरा धनू!" मुंजाजी मेस्त्रीनं हजेरीपट उघडून हाक मारली.

"हाजिर," सोजराबाई म्हणाली.

मुंजाजीनं चौकोनात फुली मारली, पेन कानावर खोचलं आणि हजेरीपट मिटला. कोठीच्या सबंध आवारात तेव्हा ही दोघंच होती आणि सोजराबाई त्याच्यापासून चार हातांवर उभी होती. तरी तो हाक अशी मारायचा, की समोर पंचवीस माणसं रांगेत उभी असावीत. कोणे एके काळी ती होतीही. माणसं एकेक करून गेली, मेस्त्रीचा आवाज तेवढा राहिला.

थावरा हा सोजराबाईचा नवरा. त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती.

झालं होतं असं. शहात्तर साली कोठीच्या विहिरीतला गाळ काढताना दोर तुटला आणि थावरा खालच्या पायरीवर आपटला. कंबर गेली. मुंजाजी तेव्हा नवा मेस्त्री होता, मनानं मऊ होता. तो त्यांच्या बंजारा तांड्यावर आला आणि म्हणाला, "बरा होईस्तोवर तू येत जाय त्याच्या जागी. नाव त्याचंच राहू दे." थावरा बरा झाला नाही. सात वर्षं बाजेवर काढून तो गेला. नाव बदलायचं तर नवा हुकूम हवा, नवा हुकूम मागायचा तर जुना माणूस कुठं गेला आणि कधी गेला हे सांगायला हवं. मुंजाजीनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चालू दे." ते चालूच राहिलं.

एक गोष्ट मात्र सोजराबाईनं कुणाला सांगितली नव्हती. तांड्यातली बाई नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढत नाही. तिनं लग्नातही ते काढलं नव्हतं, त्याच्या मातीलाही नाही. मुलगी सुनिता बापाला 'बा' म्हणायची, ती लग्न होऊन गेली. सासू-सासरे गेले. आता थावराला थावरा म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते रोज सकाळी आठ वाजता हजेरीपट उघडून त्याला हाक मारत होतं. ती हाक ऐकली की सोजराबाईला बरं वाटायचं. पावसापाण्यात, तापात, पायाला काटा मोडलेला असतानाही ती आठच्या आत येऊन उभी राहायची.

वारंगा फाट्यापासून तीन कोसांवर, माळाच्या उतारावर ही कोठी होती. निजामाच्या वेळी यावरसाहेब नावाच्या तालुकदारानं ती उन्हाळा काढायला बांधली. काळी माती पावसात फुगते आणि भिंती फोडते, म्हणून मुरूम लागेपर्यंत पाया खणून वर छातीइतकं उंच जोतं घेतलं होतं. भिंती दोन हात रुंदीच्या, चुन्याच्या. छताखाली चारी बाजूंनी झरोके, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जावी. गंमत अशी, की कोठीची पाठ रस्त्याकडे होती आणि तोंड बागेकडे. रस्त्यानं येणाऱ्या नवख्याला दरवाजाच सापडायचा नाही. पोलीस ॲक्शननंतर कोठी सरकारजमा झाली. पुढं तिचं विश्रामगृह झालं, तिथं साहेब लोक उतरू लागले, आणि मग तेही येईनासे झाले.

नव्व्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला आणि नव्या जिल्ह्याला एकदम जुन्या गोष्टींची आठवण झाली. कोठी दुरुस्त करायची ठरली. पण तिचा नकाशा कुठंच नव्हता. म्हणून दोन हजार एकच्या मे महिन्यात खात्यानं शिवशंकर नावाचा एक ड्राफ्ट्समन पाठवला. त्यानं कोठीची आणि बागेची मापं घ्यायची, नकाशा काढायचा आणि फलकावर लावायला पानभर इतिहास लिहायचा, असं काम होतं.

शिवशंकर जवळा बाजारचा, शेतकऱ्याघरचा. तिशीचा असेल. पहिल्याच दिवशी तो पश्चिमेच्या खोलीत गेला आणि खिडकीपाशी उकिडवा बसून राहिला. खिडकीचा उंबरा जमिनीपासून जेमतेम एक वीत वर होता.

"मावशी, ही खिडकी इतकी खाली काहून घेतली असंल?"

"झोपल्या मानसाला पानी ऐकू यावं म्हून," सोजराबाई म्हणाली.

"पाणी? कुठलं पाणी?"

बाहेर जाऊन तिनं हौदाच्या तोंडातला चिंध्यांचा बोळा ओढला. पाणी दगडी पाटातून धावत आलं. खिडकीखाली पाटाला हातभर उतार दिला होता आणि त्या उतारावर दगडात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी कोरली होती. पाणी तिच्यावरून फुटत, खुळखुळत खाली गेलं. शिवशंकर खिडकीशी चक्क आडवा झाला आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

मग तो तिच्या मागं मागंच फिरू लागला. बागेचे चार भाग होते. लिंबू, डाळिंब, मोगरा आणि शेवटी आंबे. मधले पाट मातीखाली गेले होते, पण कुठं काय आहे हे सोजराबाईच्या पायांना माहीत होतं. ती चालायची आणि तो तिच्या मागं खुणेसाठी चुन्याची फक्की टाकत जायचा. नंतर त्यानं टेप लावून पाहिलं, तर कुठंही वीतभराच्या वर फरक नव्हता.

"पाणी आधी कुठं सोडता? लिंबाला ना? तेच जवळ आहे."

"न्हाई साहेब. आधी लांबच्या आंब्याला. हौद भरेल असला तवाच पान्याला जोर राहतो. जवळच्याला आधी पाजलं तर लांबचं तहानेनं मरते."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

सोजराबाईनं विहिरीकडं बघितलं. "त्यायनं."

"त्यायनं म्हणजे?"

"हेच की. सुनिताचे बा. त्यायच्या आज्यानं या कोठीचा चुना बैलावर घालून आनला. तांड्याचे शंभर बैल व्हते म्हनं त्या वक्ताला. त्यायला समदं माहीत व्हतं."

"त्यांचं नाव सांगा, मी लिहून घेतो."

"नाव आमी घेत न्हाई."

शिवशंकर हसला. त्याच्या घरीही आई वडिलांना 'अवं' म्हणूनच हाक मारायची. "बरं, राहू द्या," म्हणून तो ओसरीवर गेला. कोठीवर आजवर कोण कोण कामाला होतं याची यादी करायची म्हणून त्यानं मुंजाजीकडून हजेरीपट मागून घेतला. मुंजाजी नुकताच चहा ठेवायला मागं गेला होता. सोजराबाई पायऱ्या झाडत होती.

"आता एकच माणूस दिसतो पटावर," शिवशंकर वाचत वाचत म्हणाला. "थावरा धनू?"

"हाजिर," सोजराबाई म्हणाली.

तोंडातून गेलं आणि मग तिच्या लक्षात आलं. खराटा तसाच हातात राहिला. शिवशंकरनं मान वर केली. तिच्याकडं बघितलं, पटाकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं बघितलं. चहाचे कप घेऊन आलेला मुंजाजी दारातच थांबला होता.

"मेस्त्री, हे थावरा कुठंयत?" शिवशंकरनं हळूच विचारलं.

मुंजाजीनं कप खाली ठेवले. "त्र्याऐंशी साली वारले, साहेब. चूक माझीच हाय. हिची न्हाई."

चहावर साय धरली. शेवटी शिवशंकर म्हणाला, "मी काही कुणाला सांगणार नव्हतो. पण पटावर यांची जन्मतारीख बघितली का तुम्ही? एक जुलै एकेचाळीस."

"अंदाजेच टाकली व्हती म्या," मुंजाजी म्हणाला.

"या तीस जूनला थावरा साठ वर्षांचे होतात. नाव पटावरून कमी होणार. मग मावशींना फाटकाच्या आत कोण घेईल?"

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मेलेला माणूस म्हातारा होत होता. मुंजाजी मटकन पायरीवर बसला. सोजराबाईला आधी काही कळेना, आणि मग एवढंच कळलं, की एक जुलैपासून सकाळी ती हाक होणार नाही आणि तिला बागेतही येता येणार नाही. पंचवीस वर्षं पाजलेली झाडं ती फाटकाबाहेरून बघणार होती. ती पुन्हा पायऱ्या झाडू लागली.

शिवशंकरनं आपल्या परीनं खटपट केली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं दोघांना हिंगोलीला मोठ्या साहेबांपुढं उभं केलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "बाई, दोनच रस्ते आहेत. तुम्ही पंचवीस वर्षं काम केलं असं लिहून घेतलं, तर ती वर्षं तुमच्या नावावर धरता येतील. पण मग मेस्त्रीनं खोटी हजेरी लावली हेही त्याच कागदावर येईल, आणि मला त्यांच्यावर कारवाई करावी लागेल. नाही तर एक तारखेपासून तुम्हाला नवीन म्हणून घेतो. मागचं काही धरता येणार नाही."

"लिहा साहेब," मुंजाजी म्हणाला. "माझं दीड सालच राह्यलं हाय. व्हायचं ते होऊ द्या. पंचवीस साल राबली हाय ही."

"तुम्ही थांबा, मेस्त्री. बाईला बोलू द्या."

सोजराबाईनं मुंजाजीकडं पाहिलं. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. थावरा बाजेवर असताना हा माणूस दर बाजारच्या दिवशी तांड्यावर येऊन बसायचा, त्याला बागेतलं सगळं सांगायचा. डाळिंबाला कळी आली, आंब्याला कीड लागली. येताना कधी लिंबं आणायचा. थावरा ती नुसती हुंगायचा.

"म्या नवीनच हाव, साहेब," ती म्हणाली.

"नीट विचार केला?"

"व्हय. मेस्त्रीला तकलीफ नगं."

मुंजाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. साहेबांनी कागद पुढं ओढला. "पूर्ण नाव सांगा."

"सोजराबाई."

"पुढं? नवऱ्याचं नाव?"

सोजराबाई तशीच उभी राहिली. तिनं ओठ उघडले. सांगावं असं तिला फार वाटत होतं. आता नाही सांगितलं तर ते या कागदावर येणार नाही, हे तिला कळत होतं. पण जन्मभर मिटलेलं तोंड ते, साहेबांपुढं, पंख्याखाली, चार माणसांत कसं उघडणार? तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाव काही आलं नाही. मुंजाजी वळून काही म्हणणार, तर साहेबांनी हात वर केला.

"राहू द्या, राहू द्या. रडू नका. आडनाव सांगा."

"राठोड."

साहेबांनी लिहिलं, 'सोजराबाई राठोड', आणि सही केली. परत येताना फाट्यावर एसटीतून उतरल्यावर शिवशंकरनं पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढून तिला उलगडून दाखवली. कोठी होती, हौद होता, पाट होते, खवल्यांचा उतारसुद्धा होता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यानं लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं. 'पाण्याचा क्रम सोजराबाई यांनी चालून दाखवला.' फलकावर मात्र फक्त यावरसाहेबांचं नाव येणार होतं, तेवढीच जागा होती.

"लई चांगलं काढलं साहेब तुमी," ती म्हणाली. तिनं आंब्यांच्या जागेवरून एकदा बोट फिरवलं.

एक जुलैला ती आठच्या आत येऊन उभी राहिली. मुंजाजीनं नवा हजेरीपट उघडला. नव्या कागदाचा वास येत होता. त्यानं एकदा घसा साफ केला, मग पुन्हा केला.

"सोजराबाई राठोड!"

ती उभीच होती. फाटकाकडं बघत होती.

"सोजराबाई," मुंजाजी हलक्या आवाजात म्हणाला. पन्नाशीची ती बाई दचकली.

"हाजिर."

त्यानं फुली मारली. पेन कानावर खोचायचं विसरून तो हजेरीपट काखेत घेऊन मागं निघून गेला, आणि तिथं कितीतरी वेळ नुसताच भांडी इकडची तिकडं करत राहिला.

सोजराबाई हौदावर आली. हौद काठोकाठ भरला होता. तिनं पदर खोचला, वाकून बोळ्याला हात घातला आणि तशीच थांबली. मागं वळून बघितलं. ओसरीवर कुणी नव्हतं, खोलीची बुटकी खिडकी उघडी होती. ती विहिरीकडं वळली. मुंजाजीनं केला होता तसाच तिनं घसा साफ केला.

"थावरा धनू," ती म्हणाली.

पहिल्यांदाच म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. आणि पंचवीस वर्षांची सवय, तिच्याच तोंडानं लगेच उत्तर दिलं.

"हाजिर."

मग तिनं बोळा ओढला आणि आधी लांबच्या आंब्यांना पाणी सोडलं.