नवरीचं तोंड फुकट पाहायचं नाही

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. कृष्णधवल, सहा डब्यांत गुंडाळून ठेवलेली. बिश्केकपासून लांब, नारिनच्या डोंगरात, अनारकुल आपांच्या घरी, रजयांच्या ढिगाखाली माझं बरंचसं आयुष्य गेलं. घोडीचं दूध नासल्यावर येतो तसा आंबट वास शेवटी शेवटी माझ्या डब्यांना यायचा. पण एके काळी माझाही थाट होता बरं का!

शहरातल्या स्टुडिओत माझा जन्म झाला. माझी गोष्ट साधी आहे. नवरी पडद्याआड बसली आहे आणि जो तो तिचं तोंड पाहायला धडपडतो आहे. आमच्याकडे नवी नवरी असो की नवं बाळ, पहिल्यांदा पाहिलं की हातावर काहीतरी ठेवावंच लागतं. त्याला क्योरुमदुक म्हणतात. माझ्या सहाव्या डब्यात पडदा वर जातो आणि नवरी सगळ्यांकडे सरळ बघत म्हणते, "तोंड पाहिलंत ना? मग आता हात सैल करा!"

ही नवरी कुणी नटी नव्हती. नटीला कुरणावरची थंडी बाधली, म्हणून ऐन वेळी गावातल्या अनारकुलला पडद्यामागे बसवलं. पुढे माझ्या बाकीच्या प्रतींवर रशियन आवाज चढवले. त्यांत ही नवरी दुसऱ्याच कुणा बाईच्या आवाजात बोलते. अनारकुलचा स्वतःचा आवाज उरला तो फक्त माझ्यात.

मला गावोगाव फिरवायचा शाम्बेत. ट्रकमध्ये मी, मशीन आणि एक चादर. मेंढपाळांच्या वस्तीवर चादर ताणली की झालं आमचं थिएटर. पाचवा डबा संपला की हा पठ्ठ्या मशीन बंद करून ओरडायचा, "क्योरुमदुक काढा! नाहीतर नवरी चालली माहेरी!" लोक हसत, शिव्या घालत, तळलेले बोरसोक, सुक्या दह्याच्या गोळ्या, जे असेल ते चादरीपुढे टाकायचे. एकदा तो निळा रुमाल घेऊन अनारकुलच्याच दारात उभा राहिला. "चादरीवर तोंड शंभरदा पाहिलं," तो म्हणाला, "माझं द्यायचं राहून गेलं होतं." त्यांचं लग्न झालं तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

मग जुनं राज्य मोडलं, देश बदलला. मशीन भंगारात गेलं. माझ्या बहिणी, म्हणजे बाकीच्या प्रती, कुठे जळाल्या, कुठे कुजल्या, कळलंच नाही. शाम्बेतने मला उचलून घरी आणलं, पण चालवणार कशावर? एकदा शहरातून एक पाहुणा आला, चित्रीकरणाचे फोटो "उद्याच आणून देतो" म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. पुढे शाम्बेतही गेला. तेव्हापासून आपा मला कुणाला हात लावू देईनात. त्यांचा जीव होता माझ्यावर. पण आत मी आंबत चालले होते.

अशात बिश्केकहून मिरगुल आली. जुने सिनेमे इंटरनेटवर चढवून सगळ्यांना मोफत दाखवणाऱ्या मंडळींतली ती.

"मोफत म्हणजे फुकट?" आपांनी चहाची वाटी खाली ठेवली. "अगं, आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात माझं तोंड कुणाला फुकट दाखवलं नाही, आणि तू जगभर वाटत सुटणार?"

"आपा, सहावा डबा सगळ्यात जास्त बिघडलाय. आणखी ठेवलात तर उलगडणारच नाही. मग फुकटही नाही आणि विकतही नाही."

"फोटो नेणाराही असाच गोड बोलत होता, पोरी."

शेवटी आपांनी पाच डबे दिले. सहावा उशाशी ठेवून घेतला. फार वाईट वाटलं मला तेव्हा.

बर्फ वितळल्यावर मिरगुल पाचही डबे घेऊन परत आली. पुसून लख्ख केलेले. वर एक पांढरा रुमालही आणला होता. "नवरीचं तोंड पाहायचंय," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने कशी येऊ?"

आपांनी रुमाल हातात घेतला. मग उठून त्यांनी उशाचा डबा तिच्या हातात दिला.

शहरात माझं एकेक चित्र हळुवार सोडवून संगणकावर उतरवून घेतलं. पण उशीर झाला होता. पडदा वर जातो नेमकी तिथेच मी विरघळले होते. नवरीचा एक डोळा आणि हनुवटी तेवढी शाबूत होती. आवाज मात्र स्वच्छ निघाला. तशीच मी इंटरनेटवर चढले.

उन्हाळ्यात आपांच्या अंगणात पुन्हा चादर ताणली. डागाळलेलं तोंड पाहून लोक हळहळले. तेवढ्यात नवरी बोलली, "मग आता हात सैल करा!" आणि आपाच खो खो हसत सुटल्या. "तोंड गेलं, जीभ राहिली! आमचे हे म्हणायचेच, ही मेली तरी गप्प बसायची नाही!"

मग लोकांनी इंटरनेटवर माझ्याखाली काय लिहिलंय, ते मिरगुल फोनवरून वाचू लागली. मॉस्कोत रस्ते झाडणाऱ्या एकाने लिहिलं होतं, "आपा, गावी आलो की तुमच्या दारात एक मेंढरू बांधीन. हे माझं क्योरुमदुक." इस्तंबूलला शिवणकाम करणारी एक मुलगी म्हणत होती, "माझ्याकडून एक झगा. माझी आई अस्संच बोलायची."

"वाच, वाच," आपा डोळे पुसत म्हणत होत्या.

"आपा," शेजारचा तुर्गुनबाय म्हणाला, "सगळ्यांनी दिलं. तुम्ही मात्र फुकटात पाहिलंत!"

आपांनी डोक्यावरचा विटका निळा रुमाल सोडला, त्याची घडी घातली आणि शहरातून रिकाम्याच परत आलेल्या माझ्या सहाव्या डब्यात ठेवली.

मित्रांनो, आता मी सगळ्यांना मोफत दिसते. खुशाल बघा. पण माझं तोंड पाहिलंत, तर माझंही क्योरुमदुक द्या. तुमच्या घरी असा एखादा डबा पडून असेल, तर तो वेळीच जाणत्या हातात सोपवा. आणि सगळ्यात लाडका डबा मागे ठेवू नका.