नाकाचा घेर

सगळे जिला पट्टी म्हणत त्या मुलीने टेप विमानाच्या नाकावरून ओढून ताठ केली आणि अंगठ्याच्या नखापाशी आलेला सेंटिमीटरचा आकडा वाचला. एकशे बेचाळीस. तिने टेप सैल सोडली, पुन्हा ताणली, पुन्हा वाचला. आकडा जागचा हलायला तयार नव्हता.

"सांध्यावरच धरलंयस ना?" तिने नाकापलीकडे विचारलं.

"सांध्यावरच," पाहुणीचा आवाज आला. ती दिसत नव्हती. दोघींच्या मधे उन्हाने तापलेलं ते गोल पत्र्याचं धूड होतं. अलीकडे एक घडीची शिडी, पलीकडे एक. पाहुणीकडे टेपचं टोक, पट्टीकडे आकडा.

खाली मामा वही उघडून, पेनाचं टोपण दातात धरून उभा होता.

"किती?" त्याने विचारलं.

 पट्टीने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. घाम तसा फारसा नव्हताच.

फ्लाइंग स्कूलच्या फाटकाशी चौथऱ्यावर चढवलेलं हे जुनं दोन सीटांचं विमान. शिकाऊ मुलांचे धक्के सोसून सोसून एकदाचं निवृत्त झालेलं. त्याची प्रतिकृती स्कूलच्या दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवायची होती, आणि ते काम मामाकडे आलं होतं. मामाचं फोटोफ्रेमचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत त्याने जुळवलेली छोटी विमानं. लोकांच्या घरात भाडेकरू असतात तशी मामाकडे विमानं होती. या विमानाचा संच मात्र आजवरचा सगळ्यात मोठा, एकास चोवीसचा, पंख पसरले की चांगला हातभर. डब्यावर छापलं होतं 'हुबेहूब'. पट्टीने डबा उघडल्या दिवशीच स्कूलने दिलेल्या नकाशाशी ताडून त्या हुबेहूबची पार अब्रू काढली. शेपटी दोन मिलिमीटर आखूड. चाकं एका हवाई जहाजाला शोभतील एवढी गुबगुबीत. पंखावर एका ओळीत पत्रा जोडणारी सतरा रिबिटं हवीत तिथे चौदाच. मामाने कपाळावर हात मारून घेतला आणि मग खूश होऊन म्हणाला, की ही पोरगी संच बनवणाऱ्यांच्या पोटावर पाय आणणार.

सात वर्षांची असताना तिने मामाच्या दुकानातली स्टीलची पट्टी उचलली होती, ती आजतागायत परत केलेली नाही. तेव्हापासून घरीदारी तिचं नाव पट्टी. मापाची जबाबदारी तिची. ती सांगेल तो आकडा मामा वहीत उतरवी, आणि दुसऱ्यांदा म्हणून विचारत नसे. वर्गात कोणाला धावण्यात पहिला नंबर असतो, कोणाचा गळा गोड असतो. पट्टीकडे हे होतं, आणि हे पुरून उरत होतं.

मग आली पाहुणी.

पाहुणी म्हणजे मामीच्या भावाची मुलगी. वडिलांची बदली झाली, शाळेचं वर्ष मोडायला नको म्हणून ती चार दिवस मामीकडे राहायला आली, आणि त्या चार दिवसांचे चार महिने कधी झाले ते कोणालाच कळलं नाही. पट्टीला कळलं. मागच्या खोलीतलं खिडकीजवळचं आपलं स्टूल पाहुणीकडे गेलं तेव्हा कळलं. नात्याने मामा हा तिच्या आत्याचा नवरा. काका म्हणावं, आतोबा म्हणावं, शब्दांचा काय दुष्काळ होता? पण ती पहिल्या दिवसापासून 'मामा'च म्हणायला लागली. अजून 'अहो मामा'वर होती, 'अरे मामा'वर आली नव्हती, एवढंच काय ते पट्टीचं समाधान.

शिवाय तिला काही म्हणता काही मोजता येत नव्हतं. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर उलटा धरायची. आणि तरीही गेल्या शनिवारी तिने ते प्लॅस्टिकचं नाक दोन बोटांत धरून फिरवलं आणि म्हणाली,

"हे बारीक आहे."

पट्टीने व्हर्नियर लावला. पस्तीस पूर्णांक आठ मिलिमीटर व्यास. नकाशात होतं तेवढंच, केसभर कमी नाही की जास्त नाही.

"नाक बारीक नाहीये," ती म्हणाली, "तुझी नजर जाड आहे."

मामा हसला. पाहुणीही हसली, पण नाक काही तिने खाली ठेवलं नाही. मामाच्या खाचा भरायच्या पुटीच्या डब्यात बोट बुडवून तिने नाकाला एक लेप दिला, वाळवला, घासला, मग दुसरा दिला. संध्याकाळी ते नाक धडाला लावून पाहिलं. इतके दिवस सर्दीने बेजार असलेलं विमान एकाएकी बरं झालं होतं.

"हिच्या तर डोळ्यातच टेप बसवलीय," मामा म्हणाला.

एवढंच वाक्य. पट्टीने लगेच व्हर्नियर लावून नाक नकाशापेक्षा जाड झाल्याचं दाखवलं.  नकाशा खोटा कसा असेल, असा वाद तिने घातला. मग मामाने तोडगा काढला, की रविवारी खऱ्या विमानावर जाऊन वरचा अर्धा घेर मोजायचा, एका बाजूच्या सांध्यापासून दुसऱ्या बाजूच्या सांध्यापर्यंत. पट्टीने घरून हिशेब करूनच आणला होता. एकशे पस्तीस आले तर नकाशा खरा. एकशे बेचाळीस आले तर पाहुणी.

"अगं किती? ऊन लागतंय," खालून मामा म्हणाला.

"एकशे पस्तीस," पट्टी म्हणाली.

आवाज नेहमीसारखाच निघाला. याचंच तिला नवल वाटलं. मामाने लिहून घेतलं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पाहुणी रुसेल, हट्ट करील, निदान एकदा तरी "मला बघू दे" म्हणेल, अशी पट्टीची अटकळ होती. तिच्यासाठी दोन-चार टोमणेही तिने तयार ठेवले होते. ते सगळे वाया गेले. पाहुणीने शिडी घडी करून रखवालदाराला परत दिली, आणि दुकानात आल्यावर पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन आपलंच नाक, म्हणजे आपण घडवलेलं नाक, घासायला बसली. पांढरी भुकटी वर्तमानपत्रावर पडत राहिली. मधूनमधून ती ते पट्टीपुढे धरी. पट्टी मोजून सांगे, अजून अर्धा. अजून थोडं. बस. एखाद्याला हरताही इतकं नीट यावं याचा पट्टीला संताप आला. आपण तिच्या जागी असतो तर डबा फेकला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नाक पुन्हा पस्तीस पूर्णांक आठ झालं. पट्टी विमानाकडे बघेना. बघितलं की तिला ते बारीक दिसायचं. याआधी कधी दिसलं नव्हतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली, तर मागच्या खोलीत फ्लाइंग स्कूलचे जुने मिस्त्री बसले होते. फ्रेम न्यायला आले होते, आणि विमान दिसल्यावर उठायचं विसरले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं. शेपटी बघितली, पंखाची रिबिटं मोजली, मान डोलावली. मग नाकाशी थांबले.

"सगळं झकास," ते मामाला म्हणाले. "पण ह्याचं नाक कोणी कापलं?"

मामाने नकाशा दाखवला. मिस्त्रींनी तो बाजूला सारला. हा नकाशा पहिल्या इंजिनाचा, ते म्हणाले. आपल्याकडे नंतर मोठं इंजिन बसलं, तेव्हा पुढचा पत्रा नव्याने वळवावा लागला, आणि तो वळवणारे हात हे. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. वरचा अर्धा पत्रा एकशे बेचाळीस. पहिला तुकडा आखूड कापला म्हणून साहेबांनी मला अख्ख्या शेडसमोर धुतलं होतं, म्हणून आकडा मरेपर्यंत विसरायचो नाही.

मामाने वही काढली. पान उलटून मिस्त्रींना दाखवलं. एकशे पस्तीस.

"टेपचं टोक कोणी धरलं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी," खिडकीजवळच्या स्टुलावरून उठत पाहुणी म्हणाली.

"मग बरोबर. त्या बाजूला दोन रेघा आहेत, पोरी. खालची सांध्याची. वरची झाकणाच्या बिजागरीची, चार बोटं वर. तू वरची धरलीस."

पाहुणीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता.

"असेल," ती म्हणाली. "धरली असेन."

मिस्त्री हसले, म्हणाले की अशाने मीही शिव्या खाल्ल्यात, आणि फ्रेम काखेत मारून गेले. मामा रागावला नाही. रागावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याने वहीत आकड्याच्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, की येत्या रविवारी आतल्या सीटांची मापं घ्यायचीत, तेव्हा टोक मीच धरीन, पट्टी वाचेल. तू दुकानात थांब, आत्याला सोबत होईल. पाहुणीने मान हलवली. मामा पुढे गिऱ्हाईक बघायला गेला.

झालं. पट्टीला जे हवं होतं ते सगळं, न मागता, ताटात वाढून मिळालं होतं. रविवार परत मिळाला, मामा परत मिळाला. खिडकीजवळचं स्टूलसुद्धा रिकामं होतं, कारण पाहुणी उठून भिंतीपाशी उभी होती. पट्टी त्या स्टुलावर बसली नाही.

शिडी चढण्याआधी तिनेच पाहुणीला बोटाने दाखवलं होतं. ही खालची रेघ, हिच्यावर धर, वरची नाही. दोनदा दाखवलं होतं.

"तू खालचीच धरली होतीस," पट्टी म्हणाली.

"मलाही तसंच वाटत होतं."

"मग वरची धरली असेन असं का म्हणालीस?"

पाहुणीला प्रश्नच कळला नसावा. तिने खांदे उडवले.

"आकडा तर चुकलाय. आणि तू काही चुकीचं वाचत नाहीस. मग उरलं कोण?"

टोमणा असता तर पट्टीने परतवला असता. तिने पाहुणीच्या चेहऱ्यावर तो शोधलाही. तिथे काहीच नव्हतं. म्हणूनच ती घासायला बसली होती तर. स्वतःच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते तिने पट्टीच्या शब्दाखातर तासभर घासून घासून काढून टाकलं होतं.

पट्टीने मामाची वही ओढली. एकशे पस्तीस, आणि बाजूला मामाच्या तिरक्या अक्षरात 'टोक चुकलं'. ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. मग तिने त्यांच्यावर एक सरळ रेघ मारली. पट्टी न लावता मारली, त्यामुळे ती जरा वाकडीच आली. खाली लिहिलं: एकशे बेचाळीस. टोक बरोबर होतं. वाचणारीने मुद्दाम चुकीचं सांगितलं.

वही तिने पाहुणीकडे सरकवली नाही. पुढे दुकानात जाऊन गल्ल्यावर मामासमोर ठेवली. मामाने वाचलं, गिऱ्हाइकाला काच कापून दिली, पुन्हा वाचलं. पट्टी दारात उभी राहिली. पायांना काहीतरी करायला हवं म्हणून चप्पल काढत-घालत राहिली.

"आत वाचून दाखव तिला," मामा म्हणाला. "मला कशाला दाखवतेस?"

आत वाचून दाखवणं वाटलं होतं त्यापेक्षा फारच अवघड गेलं. तीन छोटी वाक्यं होती. पाहुणी ऐकत असताना तिचे कान हळूहळू लाल झाले. मग मान.  टेबलावरच्या विमानाचं नाक उपसून तिने ते पट्टीपुढे आपटलं, शेजारी पुटीचा डबा आपटला, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर पाठ करून बसली.

"लाव," ती भिंतीला म्हणाली.

"मला पुटी लावता येत नाही."

 पट्टीने डब्यात बोट बुडवलं. पुटी थंड आणि चिकट निघाली, आणि नाकावर जायचं सोडून बोटालाच लागून राहिली. तिने फासली तर एका बाजूला ढेकूळ आलं, दुसरी बाजू कोरडीच राहिली. तिने सवयीने व्हर्नियरकडे हात नेला आणि मागे घेतला. ओल्या पुटीवर तो टेकवणार कुठे?

 मग पाहुणी अर्धवट वळली. चेहरा तसाच फुगलेला.

"डावीकडे जास्त झालंय," ती म्हणाली.

"किती?" पट्टीने विचारलं.

"ते मला काय विचारतेस? बघ ना."

पट्टीने नाक उजेडात धरलं आणि बघायला लागली.