ओली पोती

डोळे मिटून एक खोली उभी करा बघू. सहावा मजला, वर थेट गच्ची. पश्चिमेची भिंत म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती काच, आणि तिच्यात उघडणारी झडप एकच, तीही हातभर रुंदीची. आता काचेजवळ एक खाट टाका. तिच्यावर तुमच्या घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस निजवा. निजवलंत? मग दुपारचे तीन वाजले आहेत असं समजा आणि माझ्याबरोबर थोडा वेळ तिथेच थांबा.

ही खोली खडूच्या आत्याची. खडू हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. बाप गवंडी, त्याच्या थैलीतला खडू तिच्या हातून सुटत नसे, म्हणून नाव पडलं ते पडलंच. आत्या बापाहून पंधरा वर्षांनी मोठी. आईमागे तिनंच त्याला कडेवर वाढवलं होतं. अर्धांगवायूने तिचे पाय गेले, तेव्हा बाप तिला पाठुंगळी घेऊन सहा मजले चढला आणि म्हणाला, "अक्का, घरातली सगळ्यात भारी खोली तुझी. पडल्या पडल्या सगळं शहर दिसेल."

"आणि शहराला मी दिसेन," आत्या म्हणाली. "दुकानात मांडलेल्या लोणच्याच्या बरणीसारखी."

ती इमारत बापानेच बांधलेली. आधी प्रत्येक काचेवर दोन हात पुढे आलेला छज्जा होता. पण मालकाने छापून आणलेल्या चित्रात इमारत आरशासारखी सपाट होती. चित्रात आहे तसंच हवं, असं मालक म्हणाला आणि बापाने सहाही मजल्यांचे छज्जे तोडले. इतक्या सफाईने, की ते कुठे होते हे शोधून सापडू नये. त्या हातसफाईवर खूश होऊन मालकाने त्याला वरचं घर राहायला दिलं.

ऊन चढू लागलं तसा खडूने एक उद्योग काढला. ऊन फरशीवर कुठवर आलं, तिथे दर तासाला रेघ मारायची. बाराला ऊन काचेच्या पायाशी. दोनला खाटेच्या पायांवर. चारला आत्याच्या छातीवर. दिवे लागल्यावरसुद्धा भिंतीला हात लावला, तर उतरवून ठेवलेल्या तव्यासारखी धग लागे.

"बाबा, आत्याची खाट आतल्या खोलीत नेऊ या," ती म्हणाली.

"आत काळोख आहे. जिने मला वाढवलं तिला काळोखात टाकू? लोक शेण घालतील तोंडात. आणि एसी आहे की."

एसी होता, आणि वीज होती तोवर त्याने निभावलं.

शेजारीच दुसरी इमारत उभी राहत होती, अगदी तशीच. शाळेला सुट्टी होती, म्हणून बापाचा डबा खडूच न्यायची. तिथे बाप नव्या खांबांना गोणपाटाची पोती गुंडाळून त्यांच्यावर पाणी मारत असे. "ताजं काँक्रीट उन्हाने चिरतं," तो समजावून सांगे. "आठ-दहा दिवस त्याला तान्ह्या बाळासारखं जपावं लागतं. पोतं वाळलं की काम वाया."

खडूने हे आत्याला सांगितलं. आत्या हसली. "मिस्तरींना म्हणावं, पुढच्या जन्मी मी खांबच होईन. सकाळ-संध्याकाळ आंघोळ तरी घालशील."

मग वीज गेली. तारा तापून कुठेतरी मोठा बिघाड झाला होता. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. आई आणि बाप खालून बादल्या आणत. तिसऱ्या दिवशी आई शिलाईच्या कारखान्यात गेली. बाप दारात घुटमळला.

"कालच खांब ओतलेत," तो म्हणाला. "पोती वाळली तर मुकादम मलाच धरेल. संध्याकाळपर्यंत वीज येईल, अक्का."

"जा रे," आत्या म्हणाली. "मी कुठे पळून जातेय?"

तीनच्या सुमारास आत्याचा घाम थांबला. खडूला आधी बरं वाटलं. मग आत्या तिला बापाच्या लहानपणच्या नावाने हाक मारू लागली. अंग रेघांखालच्या फरशीसारखं कोरडं आणि तापलेलं. खडूने खाट ओढून पाहिली. ती जागची हलेना. बादलीच्या तळाशी वाटीभर पाणी होतं, ते तिने आत्याच्या कपाळावर थापलं आणि सहा मजले धावत उतरली.

"बाबा, आत्याला एक पोतं द्या."

बापाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. काहीएक न विचारता त्याने खांबाचं ओलं पोतं ओरबाडून काढलं आणि ते खांद्यावर टाकून धावत सुटला. त्याच्यामागून जिन्यावर पाण्याची धार लागली होती. वर पोचून त्याने पोतं आत्याच्या अंगावर पसरलं, तेव्हा आत्या काही बोलली नाही. ती पुन्हा बोललीच नाही.

डॉक्टर आले. त्यांनी काचेकडे पाहिलं, फरशीवरच्या रेघांकडे पाहिलं. "औषध नव्हतं लागत," ते म्हणाले. "सावली आणि वारा एवढंच लागत होतं."

दहा दिवसांनी बाप कामावर गेला. नव्या इमारतीचा पहिला मजला झाला होता. पश्चिमेच्या मोकळ्या चौकटीवर छज्ज्यासाठी ठेवलेल्या सळया बाहेर आल्या होत्या. मुकादमाने कटर त्याच्या हातात दिला.

"कापून टाक. चित्रात छज्जा नाही."

"इथं ऊन फार येतं," बाप हळूच म्हणाला.

"चित्रात ऊनही नाही. तू नाही कापल्यास तर दुसरा कापेल."

बाप कटरकडे बघत राहिला. मग त्याने वायर उलगडायला घेतली.

खडू डबा घेऊन मागेच उभी होती. तिने डबा खाली ठेवला. चौकटीतून ऊन आत आलं होतं. हातातल्या खडूने तिने त्या उन्हात एक खाट काढली. चार पाय, उशी, आत्याची होती तेवढीच लांब. आणि ती तिच्यावर जाऊन निजली.

"मिस्तरी, पोरीला उठव," मुकादम म्हणाला. "भाजेल ती."

बाप जवळ आला. त्याची सावली तिच्या तोंडावर पडली.

"ऊठ, बाळ."

खडू उठली नाही. ती थोडी बाजूला सरकली आणि त्या उन्हात तिने बापापुरती जागा केली.