कसाऱ्याचा मोगरा आणि बुजलेला चर

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. मुरबाडच्या लोहाराने मला घडवले आणि किन्हवलीच्या बारकूदादांनी बाजारातून घरी आणले. शेताचे बांध असोत की विहिरीचे खोदकाम, मी सगळीकडे पुढे. गावात अशी कुदळ नाही, असे दादा पाहुण्यांना सांगत. पुढे त्यांचे खांदे दुखू लागले आणि मी गोठ्यात पडून राहिले.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात त्यांची सून सरिता धावत गोठ्यात आली आणि तिने मला उचलले. कितीतरी दिवसांनी मला माणसाचा हात लागला होता! मी अगदी हरखून गेले.

घरामागे नवा रस्ता झाला होता. त्याच्या भरावाखाली जुना चर बुजला आणि सासूबाईंच्या, म्हणजे गोजाबाईंच्या बागेत पाणी तुंबले. पाण्यात उभी असूनही झाडे उन्हाने करपल्यासारखी माना टाकून होती. सरिताने अबोली उपटून पाहिली. मुळे काळी पडली होती, कुजका वास येत होता.

मोगऱ्याला मात्र गोजाबाई हात लावू देईनात. त्याची फांदी त्यांनी कसाऱ्याहून, माहेराहून आणली होती. तिथले घर आता उरले नव्हते. सरिताने बोटांनी माती उकरली.

"आये, आत अजून पांढरी मुळं हायती. आज काढला तर वाचंल."

गोजाबाई पदर खोचून त्याच चिखलात बसल्या.

"काढ गो. पण जपून."

तेवढ्यात बारकूदादांनी मला सुनेच्या हातून घेतले. दुखरे खांदे विसरून ते भरावाच्या कडेने ओढ्याकडे नवा चर खणू लागले. मध्येच मोठा दगड आडवा आला. घाव घालता घालता माझे अंग झिणझिणले. अखेर दगड निखळला आणि तुंबलेले पाणी खळाळत सुटले. काय धावले ते!

इकडे सासूसुनांनी मोगरा मातीच्या गोळ्यासकट उचलला, कुजकी मुळे कापली आणि वाळू मिसळलेल्या उंच वरंब्यावर लावला. त्याची सगळी पाने गळली. गोजाबाई रोज सकाळी त्याच्यापाशी जाऊन बसत. श्रावण सरता सरता एक हिरवा कोंब फुटला. अबोली मात्र गेली ती गेलीच.

उन्हाळ्यात मोगरा फुलला. पहिला गजरा गोजाबाईंनी सुनेच्या केसांत माळला.

"आता ह्यो तुज्या सासरचा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, झाडाने मान टाकली की लगेच पाणी ओतू नका. आधी माती उकरून पाहा. मुळे गुदमरत असतील तर पाण्याला वाट करून द्या, आणि तीही आजच. मुळे फार काळ वाट पाहत नाहीत.